दुरुस्ती कोणाच्या हातीं?

रस्त्यांत मोटारीला धक्का बसला, दिवा फुटला, पत्रा चेपला, कीं त्या एका अपघातांतून तीन पक्ष उभे राहतात : गाडीचा मालक, विमा कंपनी आणि दुरुस्ती करणारा कारागीर. पैसा कंपनीचा, काम कारागिराचें आणि जीव मात्र मालकाचा. कारण दुरुस्त झालेल्या गाडींत पुढें बसावयाचें असतें तें त्यालाच. अशा वेळीं कारखाना कोणीं निवडावयाचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं सुमारें अडीचशें वर्षांचा इतिहास आहे.

विम्याचें मूळ तत्त्व असें कीं, ज्याचें नुकसान झालें त्याला पूर्वस्थितीवर आणावें. त्याहून अधिक त्याला मिळूं नये. हें साधावयाचे मार्ग दोन : रोख रक्कम देणें, किंवा मोडलेली वस्तु पूर्ववत् करून देणें. १७७४ सालीं इंग्लंडांत आगीसंबंधीं जो कायदा झाला, त्यांत या दुसऱ्या मार्गाचा आधार घेतलेला दिसतो. विम्याच्या लोभानें कांहीं लोक आपलींच घरें पेटवितात, असा त्या काळीं संशय होता. म्हणून असा संशय आल्यास, किंवा त्या घरांत हितसंबंध असलेल्यांनीं मागणी केल्यास, विम्याचे पैसे मालकाच्या हातीं न देतां घर पुन्हां बांधण्याकडेच खर्च व्हावेत, अशी तजवीज त्या कायद्यानें केली. मोटारीच्या विमापत्रांतही याच विचाराचें कलम आढळतें : गाडी दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी, कीं रोख पैसे द्यावेत, हें कंपनीनें ठरवावें. येथेंच वादाचें बीज आहे. कारण जो दुरुस्तीचा पैसा देतो, तो कारागीरही आपणच निवडूं पाहतो.

हा वाद सर्वांत ठळकपणें अमेरिकेंत गाजला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें मोटारी झपाट्यानें वाढल्या. त्यांच्याबरोबर अपघात वाढले आणि दुरुस्तीचीं बिलेंही वाढलीं. तेव्हां विमा कंपन्यांच्या संघांनीं एक योजना आंखली. गांवोगांवीं नुकसानीचा अंदाज करणारे तपासनीस त्यांनीं पुरस्कृत केले. तपासनिसानें आंकडा घालावा आणि त्या आंकड्यांत काम करण्यास कबूल असेल अशा कारखान्याकडे गाडी जावी, असा क्रम पडला. सरकारचें म्हणणें असें होतें कीं, या योजनेमुळें मजुरीचे व सुट्या भागांचे दर बांधले जातात आणि कारखान्यांमधील चुरस नाहींशी होते. मालकाला निवडीचा हक्क कागदावर होता. पण त्यानें निवडलेला कारागीर अधिक पैसे मागूं लागला, तर वरची रक्कम त्याच्याच खिशांतून जावयाची.

१९६३ सालीं अमेरिकन सरकारनें न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयांत अशा तीन संघांवर फिर्याद केली. आधार होता १८९० च्या शर्मन कायद्याचा. मक्तेदारीला आळा घालणारा हा तेथील प्रमुख कायदा होय. त्या वेळीं रॉबर्ट केनेडी हे ॲटर्नी जनरल होते. खटला साक्षीपुराव्यापर्यंत गेलाच नाहीं. त्याच वर्षीं, संघांनीं दोष कबूल न करतां, उभयपक्षांच्या संमतीनें हुकूमनामा झाला. कोणत्याही तपासनिसाची शिफारस करूं नये, त्याच्यावर ताबा ठेवूं नये, आणि धाकानें, बहिष्कारानें वा ठराविक दरांच्या पुस्तकानें दुरुस्तीचे दर बांधूं नयेत, असें बंधन संघांवर पडलें. पुढें कित्येक घटक राज्यांनींही अमुकच कारखान्यांत गाडी न्या अशी सक्ती कंपनीनें करूं नये, असे कायदे केले.

भारतांतील वाट निराळी आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें तिऱ्हाइतासाठीं विमा सक्तीचा केला आणि ती सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलांत आली. परंतु ती रस्त्यावरील इतरांच्या रक्षणासाठीं होती. स्वतःच्या गाडीच्या मोडतोडीचा विमा ऐच्छिकच राहिला. १९६८ मध्यें विमा कायद्यांत दुरुस्ती झाली आणि वीस हजार रुपये वा त्याहून मोठ्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेयरचा अहवाल आवश्यक ठरला. १ जानेवारी १९७३ रोजीं सर्वसाधारण विम्याचें राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. त्या काळांतील रीत साधी होती : ओळखीच्या कारखान्याकडून अंदाजपत्रक घ्यावें, सर्व्हेयरनें गाडी पाहावी, मालकानें पैसे भरावेत आणि पावती कंपनीकडे धाडावी. २००२ च्या दरपत्रकांतही खाजगी गाडीच्या पांचशें रुपयांपर्यंतच्या दुरुस्तीचें काम मालकानेंच सांगावें, अशी मुभा होती. मात्र तपशीलवार अंदाजपत्रक कंपनीकडे तत्काळ जावें लागे.

२००७ पासून दरबंधन सुटूं लागलें, कंपन्यांमध्यें चढाओढ लागली आणि रोकडविरहित दुरुस्तीची पद्धत फैलावली. कंपनीच्या यादींतील कारखान्यांत गाडी न्यावी आणि बिल त्यांचें त्यांनीं परस्पर चुकतें करावें. सोय मोठी आहे. तरी रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर सामान्यतः निम्मी घसारावजावट होतेच. विमापत्रांत वेगळी सवलत घेतली नसेल, तर तो बोजा मालकाच्याच शिरावर येतो. शिवाय, यादींतील कारखान्याचें नेहमींचें गिऱ्हाईक मालक नव्हे, तर कंपनी, हेंही विसरतां येत नाहीं.

१७७४ चा कायदा मालकावरील संशयांतून जन्मला. १९६३ चा हुकूमनामा कंपन्यांवरील संशयांतून. दोन्हींचा इत्यर्थ श्रोत्यांच्या ध्यानांत आलाच असेल : पैसा एकाचा आणि वस्तु दुसऱ्याची असली, म्हणजे मध्यें कोणावर तरी नजर ठेवावी लागते. ती नजर मालकानेंच ठेवणें इष्ट. कारखाना यादींतला असो वा ओळखीचा, अंदाजपत्रक ओळ न् ओळ वाचावें, कोणता भाग बदलला आणि कोणता ठोकून सरळ केला हें विचारावें, आणि गाडी चालवून पाहिल्यावांचून काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही करूं नये. ब्रेक लागला नाहीं, तर ती सही कामास येत नाहीं.