पडदा कोणाकडे वळवावा? : गर्भप्रतिमा, निवेदन आणि कायदा

अमेरिकेतील टेक्सास राज्याने २०११ साली एक कायदा संमत केला. गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीची डॉक्टरने आधी सोनोग्राफी करावी, पडद्यावरील प्रतिमा तिला दिसतील अशा ठेवाव्यात, हृदयाचे ठोके तिला ऐकू येतील अशी व्यवस्था करावी आणि प्रतिमेत जे दिसते त्याचे तोंडी वर्णन तिला ऐकवावे, असे बंधन त्याने घातले. ही सर्व प्रक्रिया सामान्यतः गर्भपाताच्या किमान चोवीस तास आधी व्हावी अशी अट होती. प्रतिमा पाहण्यास व ठोके ऐकण्यास स्त्रीला नकार देता येत असे. वर्णन ऐकण्यास मात्र, बलात्कारातून राहिलेली गर्भधारणा किंवा गर्भातील गंभीर व्यंग अशा मोजक्या अपवादांखेरीज, नकार देता येत नव्हता. डोळे मिटण्याची मुभा होती, कान मिटण्याची नव्हती.

हा तपशील वरवर क्षुल्लक वाटला तरी या संपूर्ण वादाचे मर्म त्यात आहे. गर्भपातापूर्वी स्त्रीला गर्भाची प्रतिमा पाहण्यास प्रवृत्त करावे, या भूमिकेचे समर्थक सातत्याने सांगत आले की प्रतिमा ही निखळ माहिती आहे, तिला भाष्याची गरज नाही, ती स्वतःच बोलते. प्रतिमा स्वतःच बोलत असेल तर कायद्याने डॉक्टरच्या तोंडी संहिता का घातली? गर्भप्रतिमेच्या सहा दशकांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते, आणि तो इतिहास जितका वैद्यकाचा तितकाच निवेदनाचाही आहे.

प्रारंभ ग्लासगोचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलात काम केलेले आणि त्यामुळे रडारशी परिचित असलेले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी जवळच्या रेनफ्रू येथील एका बॉयलर कारखान्यात नेल्या. धातूतील दोष शोधण्याचे ध्वन्यातीत उपकरण तेथे होते. तुलनेसाठी मांसाचा एक तुकडाही ठेवण्यात आला होता. टॉम ब्राऊन हा अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे सहकारी डॉक्टर यांच्यासह डोनाल्ड यांनी लिहिलेला निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळच्या प्रतिमा आज पाहिल्या तर धुक्यात उमटलेल्या रेषांपलीकडे अनभ्यस्त डोळ्याला फारसे काही दिसत नाही. सूत्राला जशी भाष्याची गरज, तशी या प्रतिमांना प्रथमपासूनच वाचून दाखवणाऱ्याची गरज होती. हेच डोनाल्ड धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते आणि ब्रिटनमधील १९६७च्या गर्भपात कायद्याचे विरोधक होते. गर्भपाताची मागणी करणाऱ्या स्त्रियांना ते गर्भाची प्रतिमा दाखवीत आणि तिने त्यांचे मन वळावे अशी अपेक्षा बाळगीत. म्हणजे ज्या तंत्राचा जन्म निदानासाठी झाला त्याचा मनपरिवर्तनासाठी वापर करण्याची कल्पना अमेरिकी विधिमंडळांच्या कितीतरी आधी, तंत्राच्या जनकाच्याच दवाखान्यात आकाराला आली होती.

दुसरा धागा छायाचित्रणाचा. स्वीडिश छायाचित्रकार लेनार्ट निल्सन यांची गर्भाची रंगीत छायाचित्रे ३० एप्रिल १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावरील गर्भ अठरा आठवड्यांचा होता. काळ्या अवकाशात तरंगणारी ती आकृती अंतराळवीरासारखी भासते. आईचे शरीर तिच्याभोवती कोठेच नाही. यातील बहुतेक गर्भ शस्त्रक्रियेने शरीराबाहेर काढलेले होते, आणि साप्ताहिकाने ते लपवलेही नव्हते. पण वाचकांनी ती छायाचित्रे जन्मापूर्वीच्या जीवनाची म्हणून पाहिली आणि पुढे गर्भपातविरोधी चळवळीने ती फलकांवर मिरवली. मृत गर्भाची प्रतिमा जीवनाचे प्रतीक बनली, या विरोधाभासावर फारसे कोणी थांबले नाही. चित्राखालील ओळ एका दिशेने आणि चित्र दुसऱ्या दिशेने जात असता वाचक कोणाच्या मागे जातो, याचे इतके ठळक उदाहरण विरळाच.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक अधिकार मान्य केला. त्यानंतरच्या दशकात विरोधकांचे लक्ष न्यायालयाकडून स्त्रीच्या मनाकडे वळले. १९८३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जॉन फ्लेचर आणि मार्क इव्हान्स यांचे एक लहानसे टिपण आले. गरोदरपणाच्या आरंभीच पडद्यावर गर्भ पाहिल्याने मातेचे त्याच्याशी नाते जुळू शकते आणि कदाचित गर्भपातही टळू शकतात, असे त्यात सुचवले होते. आधार होता दोन स्त्रियांच्या प्रतिक्रियांचा. दोन स्त्रियांच्या उद्गारांवर उभे राहिलेले हे अनुमान पुढे इतक्या वेळा उद्धृत झाले की त्याचा पाया किती अरुंद होता हे विस्मृतीत गेले.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, ‘द सायलेंट स्क्रीम’ हा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट आला. निवेदक होते डॉ. बर्नार्ड नेथन्सन. १९६९ साली गर्भपाताच्या कायदेशीर मान्यतेसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांपैकी ते एक. पुढे मत बदलून ते विरोधकांच्या बाजूला गेले आणि या बदलाचे श्रेय त्यांनी बऱ्याच अंशी सोनोग्राफीला दिले. म्हणजे चित्रपटाच्या मुळाशी एक मतांतरकथा आहे, आणि ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला तिचा साचा सहज ओळखू येईल: आंधळेपण, दर्शन, पश्चात्ताप, साक्ष. पडद्याशेजारी उभे राहून नेथन्सन बारा आठवड्यांच्या गर्भाच्या गर्भपाताचे दृश्य समजावून सांगतात. गर्भ धोक्याची जाणीव झाल्यासारखा दूर सरकतो आणि तोंड उघडून किंकाळी फोडतो, असे ते म्हणतात. सोनोग्राफीच्या त्या दृश्याला आवाज नसतो. किंकाळी आहे ती निवेदकाच्या वाक्यात. या अवस्थेत वेदना जाणण्याइतका मेंदूचा विकास झालेला नसतो आणि दृश्याचा वेग ठिकठिकाणी बदललेला आहे, असे आक्षेप अनेक डॉक्टरांनी घेतले. तरी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जानेवारी १९८५ मध्ये काँग्रेसच्या प्रत्येक सदस्याने हा चित्रपट पाहावा अशी इच्छा जाहीरपणे व्यक्त केली. रोझालिंड पेचेस्की यांनी १९८७ साली ‘फेमिनिस्ट स्टडीज’मध्ये लिहिलेल्या निबंधात या चित्रपटाचे जे विवेचन केले ते आजही मूलगामी वाटते. जिच्या शरीरात हे सर्व घडते ती स्त्री चित्रपटाच्या चौकटीबाहेर राहते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मात्र पेचेस्की तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मूल हवे असलेल्या अनेक स्त्रिया याच प्रतिमेकडे आनंदाने आणि आपुलकीने पाहतात, हेही त्यांनी नोंदवले. प्रतिमेचा अर्थ पाहणारीच्या परिस्थितीतून घडतो, हा त्यांचा निष्कर्ष प्रतिमेला सरसकट शत्रू मानणाऱ्यांनाही अडचणीचा होता.

न्यायालयांची भूमिका या काळात हळूहळू पालटली. गर्भाचे तपशीलवार वर्णन रुग्णाला ऐकवण्याची सक्ती ॲक्रन शहराच्या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली होती. १९९२ च्या ‘केसी’ निकालाने मात्र माहिती सत्य व दिशाभूल न करणारी असेल तर राज्याला ती देण्यास भाग पाडता येईल, जन्माला पसंती दर्शवण्याचीही राज्याला मुभा आहे, असे ठरवले. या दाराने सोनोग्राफीचे कायदे आत आले. २०१२ मध्ये व्हर्जिनिया राज्यात योनिमार्गे करावयाच्या तपासणीच्या सक्तीवरून एवढे वादळ उठले की विधेयक बदलून केवळ पोटावरून करावयाची तपासणी ठेवावी लागली. त्याच वर्षी गॅरी ट्रुडो यांच्या ‘डून्सबरी’ या व्यंगचित्रमालिकेने टेक्सासच्या कायद्याची टर उडवली, तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी ते भाग छापण्याचे टाळले. स्त्रीला जे दाखवणे कायद्याने आवश्यक मानले त्याचा विनोदातला उल्लेखही वाचकांना झेपणार नाही, असे संपादकांना वाटावे, यात मौज आहे.

नॉर्थ कॅरोलायनाच्या अशाच कायद्यावरचा २२ डिसेंबर २०१४ चा निकाल या सर्व वाङ्मयात वेगळा उठून दिसतो. तो लिहिणारे न्यायमूर्ती हार्वी विल्किन्सन हे रेगन यांनी नेमलेले. स्त्रीने डोळे मिटले, कान झाकले तरी डॉक्टरने बोलतच राहावे, अशी कायद्याची अपेक्षा होती; हे बोलणे वैद्यकीय संवाद उरत नाही, राज्याच्या विचारप्रणालीचा तो सक्तीचा उच्चार ठरतो, असे त्यांनी म्हटले. ऐकणारीच नसलेले हे भाषण कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न निवेदनशास्त्राच्या अभ्यासकांनाही विचारात घ्यावा लागेल. पाच वर्षांनी दुसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयाने केंटकीचा जवळजवळ तसाच कायदा वैध ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. २४ जून २०२२ च्या ‘डॉब्ज’ निकालाने घटनात्मक अधिकारच संपुष्टात आणल्यावर टेक्सास व केंटकीसारख्या राज्यांत गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली, आणि तेथे मनपरिवर्तनाचा प्रश्नच बाद झाला.

प्रतिमा पाहून स्त्रिया खरोखर निर्णय बदलतात का? लॉस एंजेलिस परिसरातील गर्भपात केंद्रांच्या पंधरा हजारांहून अधिक नोंदींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पाहायचे की नाही हे तेथे स्त्रीवर सोपवलेले होते. ४२.५ टक्के स्त्रियांनी प्रतिमा पाहिली. पाहिलेल्यांपैकी ९८.४ टक्के आणि न पाहिलेल्यांपैकी ९९ टक्के स्त्रियांनी गर्भपात करून घेतला. फरक पडला तो मुळात मन डळमळीत असलेल्या थोड्या स्त्रियांच्या बाबतीत. विस्कॉन्सिनमध्ये २०१३ साली सक्ती आल्यानंतर एका केंद्रातील गर्भधारणा पुढे चालू ठेवणाऱ्यांचे प्रमाण ८.७ वरून ११.२ टक्क्यांवर गेले, हेही नाकारता येत नाही. प्रतिमेचा परिणाम शून्य आहे असे म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरेल. परंतु जवळजवळ निम्म्या स्त्रिया स्वेच्छेने पडद्याकडे पाहतात आणि पाहूनही आपल्या निर्णयावर ठाम राहतात, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या गृहीतकाला छेद देते. एका पक्षाला वाटते की तिने पाहिले नाही म्हणून तिला कळले नाही. दुसऱ्याला वाटते की पाहिले तर ती कोसळेल. ती पाहते, कळून घेते आणि ठरवते, ही शक्यता दोघांच्याही कथानकात बसत नाही. मागणाऱ्या स्त्रीला प्रतिमा दाखवलीच पाहिजे, आणि न मागणारीवर ती लादू नये, हे इतके साधे असूनही कायद्याच्या भाषेत क्वचितच उतरले.

याच यंत्राची भारतातील कथा उलट दिशेने गेली. १९७१ च्या कायद्याने येथे गर्भपाताला सशर्त मान्यता दिली, आणि सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिची एकटीची संमती पुरेशी मानली. प्रश्न निर्माण झाला तो गर्भलिंगनिदानाने. मुंबईतील कार्यकर्त्यांच्या मोहिमेनंतर महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला नियमनाचा कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या कायद्यानुसार गर्भाचे लिंग गर्भवतीला वा तिच्या नातेवाइकांना शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे कळवणे हा गुन्हा आहे. टेक्सासने डॉक्टरला बोलण्याची सक्ती केली, भारताने मौनाची. प्रतिमा दोन्हीकडे तीच. कायद्याने हात घातला तो तिच्या निवेदनावर. आणि मौनाची सक्ती झाली की सांकेतिक भाषा जन्माला येते: पेढा की बर्फी, एवढ्या एका प्रश्नात मराठी घरांतला निकाल सांगून होतो. ‘खुणांनी’ हा शब्द कायद्यात घालणाऱ्यांना समाजाच्या चिन्हव्यवस्थेची चांगलीच जाण होती.

या बंदीमागचे वास्तव भीषण होते. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. तेव्हा भारतीय मौनाला जे समर्थन आहे ते टेक्सासच्या बोलण्याला नाही. तरी स्त्रीचे चित्र रेखाटण्यात दोन्ही कायदे फार दूर नाहीत. टेक्सासची स्त्री अजाण आहे. भारतीय कायद्यातील स्त्रीवर पती वा नातेवाइकांनी दबाव आणला असे न्यायालयाने, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावयाचे आहे. दुसरे गृहीतक अनुभवाला धरून आहे आणि तिला शिक्षेपासून वाचवणारे आहे, पण त्यातही ती स्वतः ठरवणारी नाही. भाषेनेही येथे आपला वाटा उचलला. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द प्रचाराला जोरकस होता. परंतु ‘भ्रूणहत्या’ हा धर्मशास्त्रातील महापातकाचा शब्द, आणि त्या परंपरेत ‘भ्रूण’ म्हणजे गर्भ तसाच विद्वान ब्राह्मणही. ‘हत्या’ म्हटल्याबरोबर प्रत्येक गर्भपात संशयित ठरतो, हे ध्यानात आल्यावर स्त्री-चळवळीतील अनेकींनी ‘गर्भलिंगनिवड’ हा रुक्ष शब्द पत्करला. शासकीय फलकांवरून मात्र जुना शब्द सहजी उतरला नाही.

२०१० च्या सुमारास कोल्हापूरला जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडण्याची योजना राबवली. यंत्रावरील प्रत्येक तपासणीच्या प्रतिमा त्यात साठवल्या जात. याच विषयावर ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ हा कथासंग्रह लिहिणारे लेखक ते हेच. नेथन्सन यांच्या चित्रपटाच्या नावातील ‘सायलेंट’ येथे पुन्हा भेटावा हा योगायोग, पण बोलका. या योजनेला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले तेव्हा गर्भवतीच्या खाजगीपणाचा मुद्दा मांडला तो सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने, आणि २०११ साली न्यायालयाने तो फेटाळून योजना ग्राह्य धरली. नॉर्थ कॅरोलायना आणि केंटकीच्या खटल्यांतही न्यायालयात गेले होते ते डॉक्टर आणि दवाखाने, आणि वाद मुख्यतः डॉक्टरच्या भाषणस्वातंत्र्याचा होता. ज्यांच्या प्रतिमांवरून हा सर्व पत्रव्यवहार झाला त्या स्त्रियांपैकी कोणीही कोल्हापूरच्या खटल्यात पक्षकार नव्हती.