सीमा व्यवस्थापन : सुरक्षा आणि विकासाची सांगड

देशाची सीमा म्हटली की पहारा देणारा जवान आणि काटेरी कुंपण एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात सीमा व्यवस्थापन ही त्याहून व्यापक संकल्पना आहे. घुसखोरी आणि तस्करी रोखणे हा तिचा एक भाग. कायदेशीर व्यापार व प्रवास सुलभ करणे आणि सीमेवरील गावे वसती ठेवणे हा तितकाच महत्त्वाचा दुसरा भाग होय.

भारताची भूसीमा १५,१०६.७ किलोमीटर लांबीची आहे. त्यांपैकी बांगलादेशाशी ४,०९६.७, चीनशी ३,४८८, पाकिस्तानशी ३,३२३, नेपाळशी १,७५१, म्यानमारशी १,६४३, भूतानशी ६९९ आणि अफगाणिस्तानशी १०६ किलोमीटर सीमा आहे. यातील अफगाणिस्तानलगतचा भाग पाकव्याप्त प्रदेशात मोडतो. वाळवंट, खाडी, हिमशिखरे, घनदाट जंगल आणि पात्र बदलणाऱ्या नद्या अशा भिन्न भूरूपांमुळे एकच उपाय सर्वत्र लागू पडत नाही. नेपाळ व भूतानच्या सीमा तर नागरिकांना खुल्या आहेत. तेथे कुंपणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

यंत्रणेची जडणघडण

१९६२ च्या युद्धकाळात भारत-तिबेट सीमा पोलीस दल उभे राहिले, तर १९६५ च्या संघर्षानंतर त्याच वर्षी १ डिसेंबरला सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये अहवाल दिला. एकाच सीमेवर अनेक दले असल्याने जबाबदारी निश्चित होत नाही, हे लक्षात घेऊन 'एक सीमा, एक दल' हे तत्त्व स्वीकारण्यात आले. त्यानुसार पाकिस्तान व बांगलादेशाच्या सीमा सीमा सुरक्षा दलाकडे, चीनची सीमा भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे, नेपाळ व भूतानच्या सीमा सशस्त्र सीमा बलाकडे आणि म्यानमारची सीमा आसाम रायफल्सकडे सोपविण्यात आली. जानेवारी २००४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयात सीमा व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

कुंपण आणि शेतकरी

बांगलादेश सीमेवर १९७५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणविषयक बांधकाम करता येत नाही. त्यामुळे कुंपण बहुतेक ठिकाणी भारताच्या हद्दीत आत उभारले गेले आणि अनेकांची शेते, काही ठिकाणी घरेही, कुंपणापलीकडे राहिली. शेतावर जायचे तर ठरावीक वेळी उघडणाऱ्या फाटकातून, ओळखपत्र दाखवून जावे लागते. राष्ट्राच्या सुरक्षेची किंमत येथे एखादा अल्पभूधारक रोज मोजत असतो.

नदीपात्रात कुंपण टिकत नाही. अशा ठिकाणी संवेदक, कॅमेरे आणि रडार यांची मदत घेतली जाते. जम्मू भागात २०१८ मध्ये, तर आसाममधील धुबरी जिल्ह्यातील ६१ किलोमीटरच्या नदीकाठच्या पट्ट्यात २०१९ मध्ये अशी यंत्रणा कार्यान्वित झाली.

वाद मिटविणे हाही सीमा व्यवस्थापनाचाच भाग आहे. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ छोट्या वस्त्यांची अदलाबदल झाली. कोणत्याच देशाच्या शाळा, रुग्णालये वा पोलीस ठाणी ज्यांच्या वाट्याला नीट आली नव्हती, अशा हजारो लोकांना त्यामुळे नागरिकत्व मिळाले.

विकासाची बाजू

सीमावर्ती क्षेत्र विकास कार्यक्रम १९८६-८७ मध्ये सुरू झाला. एप्रिल २०२३ मध्ये चीन सीमेलगतच्या गावांसाठी 'व्हायब्रंट व्हिलेजेस' कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. ४,८०० कोटी रुपयांच्या या तरतुदीपैकी २,५०० कोटी रुपये रस्त्यांसाठी होते. २०२५ मध्ये इतर भूसीमांसाठी ६,८३९ कोटी रुपयांचा दुसरा टप्पा मंजूर झाला. यामागील विचार सरळ आहे : रोजगार नाही म्हणून गाव ओस पडले, तर सीमेवरील हालचालीची पहिली खबर देणारा माणूसच नाहीसा होतो.

व्यापारासाठी २०१२ मध्ये भारतीय भूबंदर प्राधिकरण अस्तित्वात आले. सीमाशुल्क, पारपत्र तपासणी, गोदामे आणि सुरक्षा एकाच आवारात आणणारे एकात्मिक तपासणी नाके अटारी, पेट्रापोल, रक्सौल आदी ठिकाणी उभारण्यात आले. मात्र असा व्यापार राजकीय संबंधांवर अवलंबून असतो. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर अटारीचा नाका बंद करण्यात आला आणि त्यावर पोट असलेल्या हमाल व वाहतूकदारांचा रोजगार थांबला.

महाराष्ट्राचा धडा

महाराष्ट्राला परदेशाची भूसीमा नाही, पण सागरी सीमेचे महत्त्व या राज्याने फार मोठी किंमत देऊन ओळखले आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली होती. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोरही समुद्रमार्गेच आले. त्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली, किनारी पोलीस ठाणी वाढविण्यात आली आणि मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली. समुद्रात रोज जाणारा कोळी अनोळखी बोट सर्वांआधी ओळखतो. त्याला संशयित न मानता सहकारी मानणे, हेच किनाऱ्यावर आणि हिमालयातही यशस्वी सीमा व्यवस्थापनाचे मर्म आहे.