ओटा कोणाचा? एका राज्यातील तीन भाडेकायदे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले आणि राजूर, भोकरदन, जालना हा सारा मुलूख मुंबई राज्यात आला. भाड्याच्या घरांचा कायदा मात्र मराठवाड्यात हैदराबादचाच राहिला, १९५४ चा. विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा आदेश, मुंबई-पुण्याकडे १९४७ चा अधिनियम. भाषा एक, राज्य एक, भाडेकरूंचे कायदे तीन!

त्यांपैकी मुंबईच्या कायद्याने अधिक घरे खचवली, असे माझे मत आहे. त्याने जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धकाळच्या टंचाईत ते न्याय्य होते. पण गवंड्याची मजुरी कोणी गोठवली नव्हती. मालकाला डागडुजी परवडेना, आणि परक्याच्या भिंतीत भाडेकरूने तरी पैसा का घालावा? अखेर १९६९ मध्ये मुंबईतील जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ व उपकराचा कायदा करावा लागला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठवणे अवाजवी ठरवले.

३१ मार्च २००० पासून तिन्ही कायदे रद्द होऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्यानुसार दुरुस्ती हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच.

मालकाच्या लेखी संमतीविना पक्के बांधकाम केल्यास घर सोडावे लागू शकते. पण त्यातून लाकडी आडभिंत, हवेसाठी खिडकी, धुराडे वगळले आहे. आणि उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटाही. पालिकेची परवानगी लागत असेल तेथे ती घ्यावी, एवढेच.