तासामागें वीस मिनिटें

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आपल्या उपनगरांतील एखाद्या कॉलेजांत परीक्षेच्या दिवसांत जाऊन पाहावें. शेवटची घंटा होते, उत्तरपत्रिका गोळा होतात, मुलें प्रश्नांची चर्चा करीत जिना उतरतात. परंतु बाजूच्या एका खोलींत काम अजून चाललेलें असतें. एक विद्यार्थी हलक्या आवाजांत उत्तर सांगत असतो आणि दुसरा तें लिहून घेत असतो. बाहेर उभा असलेला एखादा पालक सहज म्हणतो, "याला बरा जास्त वेळ मिळतो!" या उद्गारांत द्वेष नसतो, पण गैरसमज असतो. तो वेळ कोठून आला, आणि तो खरोखर जास्त आहे काय, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्याबरोबर परीक्षेची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली, तिचें माप ठरलेलें होतें : कागद, शाई आणि घड्याळाचे तास. धड डोळ्यांच्या व धड हातांच्या विद्यार्थ्यावरूनच हें माप बेतलेलें होतें. इतरांसाठीं निराळ्या शाळा निघाल्या. १८८५ च्या सुमारास, तेव्हांच्या भाषेंत सांगावयाचें तर, मुक्या-बहिऱ्यांची शाळा मुंबईंत सुरू झाली. १९०० च्या दुष्काळी सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं अंध मुलांसाठीं शाळा काढली. तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ सालीं ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. या शाळांचे उपकार मोठे आहेत. परंतु अंध मुलगा हस्तव्यवसाय शिकून पोट भरूं लागला म्हणजे झालें, अशीच त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. कॉलेजचा विचार कोणाच्या मनांत फारसा येत नसे.

१९३९ सालीं लाहोरच्या एका डॉक्टरांनीं आपला पांच वर्षांचाही न झालेला अंध मुलगा या दादरच्या शाळेंत पाठविला. तो मुलगा म्हणजे पुढें इंग्रजी लेखक म्हणून नांवाजलेले वेद मेहता. परंतु पुढील शिक्षणासाठीं त्यांना १९४९ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, अमेरिकेस जावें लागलें. १९५६ सालीं ते कॅलिफोर्नियांतील पोमोना कॉलेजचे पदवीधर झाले व नंतर ऑक्सफर्डला गेले. मुळाक्षरें दादरला मिळालीं, पदवी मात्र साता समुद्रांपलीकडे! ज्यांच्या वडिलांना एवढें सामर्थ्य नव्हतें, त्यांची वाट कोठें खुंटली असेल, याची कल्पना आपणच करावी.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ सालीं, भारतीय भाषांसाठीं एक समान ब्रेल लिपि ठरली आणि १९५२ सालीं मुंबईंत 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' ही संस्था स्थापन झाली. वाचनाची सोय होऊं लागली; लेखनाची अडचण मात्र उरलीच. विद्यार्थ्यानें ब्रेलमध्यें लिहिलें, तर तें परीक्षक वाचणार कसें? यास्तव लेखनिक हवा. १९९५ च्या कायद्यानें अंध व मंददृष्टि विद्यार्थ्यांना लेखनिक पुरविण्याचें कर्तव्य शिक्षणसंस्थांवर टाकलें. बुद्धि चांगली असूनही ज्यांचें वाचन-लेखन अडखळतें, अशा शाळकरी मुलांना महाराष्ट्र शासनानें १९९६ सालीं प्रथम परीक्षेंत सवलती दिल्या. २००३ सालीं धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र केंद्र निघालें, आणि पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारा संगणक विद्यार्थ्यांच्या हातीं आला.

आतां वेळेची गोष्ट. २०१३ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें परीक्षांसाठीं मार्गदर्शक नियम घालून दिले : तासामागें किमान वीस मिनिटें अधिक, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास. हीं वीस मिनिटें जातात कोठें? लेखनिक प्रश्न वाचतो, पुन्हां वाचतो. विद्यार्थी उत्तर मनांत जुळवितो, एकेक वाक्य सांगतो, अवघड शब्द अक्षरशः फोडून सांगतो. आपण मागची ओळ एका दृष्टिक्षेपांत पाहतों. त्याला ती वाचून घ्यावी लागते. आकृति काढावयाची तर प्रत्येक रेघ शब्दांनीं ओढावी लागते. या खटाटोपांत जो वेळ खर्ची पडतो, तोच त्याला परत मिळतो. याला दान म्हणतां येत नाहीं. ही केवळ भरपाई आहे.

२०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले. उच्च शिक्षणाच्या शासकीय व अनुदानित संस्थांत निदान पांच टक्के जागा राखावयास सांगितल्या, आणि जादा वेळ व लेखनिक यांचा कायद्यांतच उल्लेख केला. तथापि कायदा कागदावर असणें निराळें आणि परीक्षेच्या खोलींत असणें निराळें. १२ सप्टेंबर २०२१ रोजीं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसलेल्या एका विद्यार्थिनीला लेखनांतील वैगुण्यामुळें एक तास अधिक मिळावयास हवा होता. तो नाकारून तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यांत आली. २३ नोव्हेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तिच्यावर अन्याय झाल्याचा निर्वाळा दिला, आणि त्याच्या परिमार्जनाचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेस सांगितलें. परंतु फेरपरीक्षा कांहीं झाली नाहीं. न्याय मिळाला, तो तास मिळाला नाहीं.

बहिऱ्या विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी. परीक्षेच्या आधीं त्याचें व्याख्यानच हुकतें. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलूं लागले, कीं ओठांवरून शब्द टिपणाऱ्याचा धागा तुटतो. वांद्र्याला १९८३ पासून श्रवणदोषासाठीं राष्ट्रीय संस्था आहे. परंतु वर्गाकडे तोंड करून बोलण्यासाठीं आणि टिपणें आधीं देण्यासाठीं कोणत्या संस्थेची वाट पाहावयाची?

हा इतिहास संस्थांचा व न्यायालयांचा असला, तरी त्याचें शेवटचें पान आपल्या घरांत लिहिलें जातें. परीक्षा जवळ आली, कीं कोठल्या तरी घरीं आई-वडील ओळखीपाळखीच्यांकडे विचारीत फिरतात, "तुमची मुलगी त्या दिवशीं मोकळी आहे का?" तो प्रश्न आपल्या दाराशीं आला, तर नियमांत बसत असल्यास 'होय' म्हणावें. मुलीला एवढेंच शिकवून पाठवावें : अक्षर स्वच्छ असूं दे, सांगितलें तेवढेंच लिही, चूक दिसली तरी सुधारूं नको. आणि परीक्षेपूर्वीं दोन-तीनदां दोघांनीं एकत्र सराव करावा. परका हात एका दिवसांत आपला होत नाहीं.

आणि पुढच्या खेपेस बाजूच्या खोलींत काम चाललेलें दिसलें, तर 'जास्त वेळ' हे शब्द ओठांवर येण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.