किडनीचं मशीन, गर्भाचा कायदा

महाराष्ट्रात यूरॉलॉजिस्टच्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेरही गर्भलिंगनिदान केलं जात नसल्याचा फलक लावावा लागतो. आत टेबलावर असतो मुतखड्याने बेजार झालेला तरुण, नाहीतर प्रोस्टेट वाढलेले आजोबा. त्यांच्यासाठी गरोदर स्त्रीचा फॉर्म एफ भरायचा नसतो, पण जागेची आणि मशीनची नोंदणी केल्याशिवाय पोटावर प्रोब ठेवता येत नाही. टेक्सासमधल्या शुगर लँडला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे चमत्कारिक वाटेल. तिथे बाळ मुलगा की मुलगी हे डॉक्टर आई-वडिलांना मोकळेपणाने सांगतात. आपल्याकडचे अनेक डॉक्टरही विचारतात, की किडनी तपासणाऱ्याचा स्त्रीभ्रूणहत्येशी संबंध काय? माझ्या मते ही नोंदणी योग्यच आहे, आणि त्याचं कारण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या इतिहासात आहे.

मुंबईतल्या स्त्री-चळवळीच्या रेट्याने महाराष्ट्राने 1988 साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला. तेव्हा चिंता मुख्यतः गर्भजल परीक्षेची होती. 1994 चा केंद्रीय कायदा 1 जानेवारी 1996 पासून अमलात आला. तोवर सोनोग्राफी स्वस्त होऊन तालुक्यापर्यंत पोचू लागली होती. राज्यात दर हजार मुलग्यांमागे शून्य ते सहा वयोगटातल्या मुली 1991 मध्ये 946 होत्या, त्या 2001 मध्ये 913 वर आल्या. कागदावर बंदी होती, पण बंद खोलीत डॉक्टर काय बोलला याचा पुरावा आणायचा कुठून? ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले ते या ढिलाईविरुद्ध. फेब्रुवारी 2003 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मग गर्भाचं लिंग ओळखू शकणारं प्रत्येक मशीन कक्षेत आणलं. मशीन लपवणं शब्द लपवण्याइतकं सोपं नसतं.

किडनीचं मशीन वगळा, ही मागणी तंत्राच्या पातळीवरच टिकत नाही. मूत्रपिंडासाठी बरगडीखाली टेकवतात तो साधारण साडेतीन मेगाहर्ट्‌झचा गोलसर प्रोब. गर्भासाठी ओटीपोटावर फिरतो तोही तोच. प्रोस्टेटसाठी गुदमार्गातून घालायचा प्रोब अनेक मशीनवर योनिमार्गाच्या तपासणीलाही चालतो. वृषणाच्या तपासणीचा सपाट, जास्त वारंवारतेचा प्रोब वेगळा, पण तो काढून दुसरा जोडायला कितीसा वेळ लागतो! सूट दिली असती, तर कागदोपत्री किडनीसाठी घेतलेली मशीन कुठे वळली असती, हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर खरा आक्षेप आकड्यांचाच आहे: 2011 मध्ये हजार मुलग्यांमागे मुलींचं प्रमाण आणखी घसरून 894 झालं, मग कडकपणाने साधलं काय? कायदा एकटा मुलगी नको असण्याची वृत्ती बदलत नाही, हे मान्यच. पण त्यावरून सूट द्यावी असं निघत नाही; दाराचं कुलूप कमी पडलं म्हणून खिडकी कोणी उघडी टाकत नाही. दुसरा आक्षेप नोंदींच्या जाचाचा. रेडिओलॉजिस्टांनी सप्टेंबर 2016 मध्ये संप केला, तो फॉर्म एफमधल्या लिखापढीच्या चुकांना गुन्हा धरू नये म्हणून. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदींतली हयगय किरकोळ मानायला नकार दिला. नोंद हाच जिथे एकमेव माग, तिथे मलाही हा निर्णय पटतो. रुग्णाच्या बाजूने मात्र एक तक्रार रास्त आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची लघवी अडली, तर या कायद्याच्या नियमांमुळे डॉक्टरला पोर्टेबल मशीन पिशवीत घालून त्याच्या घरी जाता येत नाही. उचलून न्यावं लागतं त्या म्हाताऱ्यालाच. नोंदणी कायम ठेवून, प्रत्येक भेटीची आगाऊ सूचना घेऊन अशा रुग्णांपुरती वाट काढणं सरकारला अवघड नाही, आणि ते व्हायला हवं.