प्रॉक्सीच्या एका ओळीची कुळकथा

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 साली स्थापन झाले, तेव्हा विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांस इंटरनेट खुले करण्यास अद्याप बारा वर्षांचा अवकाश होता. आज त्याच बुलढाणा जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयाच्या वा कचेरीच्या जाळ्याला बाहेरची वाट प्रॉक्सीवाचून नसते, तेथील विद्यार्थ्याला लिनक्सवर एखादे पॅकेज उतरवण्यापूर्वी ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ या चलात सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट भरावा लागतो, आणि त्या चलाचे नावही रोमन लिपीतील लहान अक्षरांतच लिहावे लागते.

या ओळीचे कुळ जिनिव्हाकडे जाते. संस्थेच्या फायरवॉलआड अडकलेल्या संगणकांनाही वेब पाहता यावे, म्हणून तटाच्या वेशीवर एक मुखत्यार, म्हणजेच प्रॉक्सी, बसवावा, आतल्यांनी मागणी त्याच्याकडे करावी आणि त्याने ती स्वतःच्या नावाने बाहेरून पुरवावी, ही योजना सर्न या संशोधन संस्थेचे एरी लुओटोनेन आणि इंटेलचे केव्हिन अल्टिस यांनी 1994 साली तेथील पहिल्या जागतिक वेब परिषदेत मांडली. आणलेल्या मालाची प्रत ठेवण्याची सोयही तीत होती. 1996 साली ड्युएन वेसल्स यांच्या स्क्विडने तिचे मोठे कोठार केले. एकच पॅकेज प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्राला हवे असले तरी बारीक वाहिनीवरून ते एकदाच आणावे लागे, हा लाभ, माझ्या मते, पहाऱ्याहूनही मोलाचा होता.

लहान अक्षरांचा आग्रह मात्र लहरीचा नव्हे. वेब सर्व्हर सीजीआय प्रोग्रामला बाहेरच्या मागणीतील बहुतेक हेडर मोठ्या अक्षरांत, आधी ‘एचटीटीपी’ जोडून देतो; तेव्हा कोणी परक्याने ‘प्रॉक्सी’ नावाचा हेडर पाठवला, तर मोठ्या अक्षरांतील त्या चलावर विसंबलेला प्रोग्राम त्या परक्यालाच आपला मुखत्यार मानून बसे. फाइली उतरवणाऱ्या कर्ल या साधनाने 2001 सालीच ही वाट बंद केली. तरी पीएचपी, गो आणि पायथनच्या जगात 2016 साली तेच भगदाड ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने पुन्हा उघडे पडले.

डेबियन या लिनक्स-वितरणाने 1999 साली आणलेल्या ॲप्ट या पॅकेज-साधनाच्या फाइलीत प्रॉक्सीची वेगळी नोंद करता येते, आणि ती करणेच शहाणपणाचे. कारण टर्मिनलमध्ये भरलेले चल, प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारे सुडो, आज्ञा सुरू होताना गाळून टाकते. ते राखून ठेवणारी ओळ डेबियनच्या अलीकडच्या सुडोअर्स फाइलीत तयार आहे, पण तिच्या आरंभी हॅशचे चिन्ह घालून ती निष्क्रिय ठेवलेली असते.