गळ्यातली ढाल आणि पाठीवरची वेणी

गुंतवळ हा शब्द आता शहरातल्या मुलींना समजावून सांगावा लागतो. फणीत अडकून निघालेला केसांचा पुंजका, तो बोटाभोवती गुंडाळायचा आणि वर थुंकून आडोशाला टाकायचा, अशी जुनी रीत. काही घरांत तो भिंतीच्या फटीत जपून ठेवीत, कारण केसांवर भांडी देणारी बाई दारावर येई आणि वर्षभराच्या पुंजीवर एखादी वाटी तरी सुटे. गुंतवळ रोजचेच, त्याचे कुणाला काही वाटत नाही. पण तेच एकाएकी मुठीएवढे निघू लागले, खोबणीत न मावणारा अंबाडा लिंबाएवढा झाला, म्हणजे घरात जी कुजबुज सुरू होते तिला मोठा इतिहास आहे. आणि गंमत अशी, की त्या इतिहासाचा बराचसा भाग डोक्यावर घडलेला नाही. तो गळ्यात घडलेला आहे.

आपल्याकडे केस गळण्याची कारणे तयार असत. दृष्ट लागली, पाणी जड आहे, शिकेकाई सोडून साबण लावला, तेल मुरू दिले नाही, ओल्या केसांत फणी घातली. यांतले प्रत्येक कारण नीट पाहावे: दोष कुणाचा? त्या बाईचाच. केसांचे खापर शेवटी तिच्याच डोक्यावर फुटे. मग माका आला, ब्राह्मी आली, जास्वंदीची फुले तेलात कढवून झाली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई लेकीच्या टाळूवर तेल घालते तेव्हा भांगाची रुंदावलेली रेघ तिच्या बोटांना आधी कळते, डोळ्यांना मागाहून. ती काही बोलत नाही, पण हात क्षणभर थांबतो.

बोलत नाही, याला आणखी एक कारण होते. ज्या समाजात बाईच्या केसविरहित मस्तकाचा एकच अर्थ लावला जाई, तिथे सवाष्णीचे केस विरळ होणे ही साधी गोष्ट नव्हती. ती पदर पुढे ओढून घेई, गंगावन लावी, हळदीकुंकवाला जाण्याचे टाळी. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या केशवपनाला नकार दिला, ही हकिकत आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. वस्तऱ्याच्या त्या अन्यायाची निदान चर्चा तरी झाली. दुखण्याने जाणाऱ्या केसांची चर्चा कोण करणार?

जुन्या वैद्यांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गळ्याला येणाऱ्या सुजेला गलगंड म्हटले आहे आणि केस जाण्याला खालित्य. पण दोघांची वस्ती वेगळ्या अध्यायांत. एका गल्लीतल्या माणसाने दुसऱ्या गल्लीतल्याला कधी हाक मारली नाही. यात आपल्या वैद्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. युरोपातही तीच गत होती. 1656 साली टॉमस व्हॉर्टन या इंग्रज वैद्याने गळ्यातल्या त्या ग्रंथीला ढालीवरून थायरॉइड हे ग्रीक नाव दिले. आपण तिला अवटू म्हणतो. तिचे काम काय, असा प्रश्न आला तेव्हा त्याने जी कारणे दिली त्यांत एक असे होते, की तिच्यामुळे गळ्याला गोलाई व शोभा येते, विशेषतः स्त्रियांच्या! पुढची दोनशे वर्षे ही ग्रंथी जवळजवळ बिनकामाचीच समजली गेली.

ती बिनकामाची नाही, हे कळायला काही बायकांना आपले आयुष्य खर्ची घालावे लागले. लंडनमध्ये 1873 साली सर विल्यम गल यांनी प्रौढ वयातल्या पाच स्त्रियांची हकिकत वैद्यमंडळापुढे वाचली. चेहरा सुजलेला, जीभ जड, बोलणे संथ, थंडी सोसेनाशी झालेली. पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी या दुखण्याला मिक्सिडीमा असे नाव दिले. नाव मिळाले, औषध नव्हते. अशा बायका आळशी ठरत, मंद ठरत. काहींची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होई.

इकडे स्वित्झर्लंडमध्ये, बर्न शहरी, थिओडोर कोखर हा विख्यात शस्त्रवैद्य गलगंड कापून काढीत होता. डोंगराळ मुलूख, मातीत आयोडीन नाही, घरोघरी गंड. कोखरचा हात असा स्वच्छ, की जिथे पूर्वी रोगी टेबलावर दगावत तिथे त्याचे रोगी चालत घरी जात. 1874 साली त्याने अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी पूर्ण काढून टाकली. पुढे गावच्या डॉक्टरांकडून कळले, की पोरगी पार बदलली आहे. 1883 साली कोखरने आपले जुने रोगी परत बोलावून तपासले. ज्यांची ग्रंथी समूळ काढली होती त्यांतले बहुतेक सुजलेले, सुस्त, केस विरळ झालेले निघाले. त्या मुलीचे तिच्या धाकट्या बहिणीशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे: धाकटी वाढून उंच झाली, थोरली खुंटली. कोखरने ही गोष्ट दडवली नाही, छापून टाकली आणि ग्रंथी समूळ काढणे सोडून दिले. 1909 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. शस्त्रक्रियेपेक्षा मला त्याच्या त्या कबुलीचे मोल अधिक वाटते.

त्याच 1883 साली लंडनच्या वैद्यमंडळात फेलिक्स सेमन म्हणाला, की कोखरच्या रोग्यांचे दुखणे आणि आपल्या बायकांचे दुखणे एकच आहे. लोक हसले. पण चौकशी समिती नेमली गेली आणि 1888 मध्ये तिचा जाडजूड अहवाल आला. शंभराहून अधिक रोगी, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. लक्षणांच्या यादीत डोक्याचे व भुवयांचे केस झडणे ठळकपणे नोंदलेले. शोधाच्या वाटेवर गुंतवळ असे पुराव्यादाखल हजर झाले.

आता खरी कथा. लिस्बनच्या दोन डॉक्टरांनी 1890 साली एका रोगी बाईच्या कातडीखाली मेंढीची ग्रंथी बसवली आणि तिला फार लवकर बरे वाटू लागले. हे वाचून इंग्लंडच्या न्यूकॅसल गावचा जॉर्ज मरे विचारात पडला. वय पंचवीस. ग्रंथी बसवून इतक्या लवकर गुण येत असेल, तर तिच्यातला रसच काम करीत असला पाहिजे. मग तो रस नुसता टोचला तर? फेब्रुवारी 1891 मध्ये त्याने हे स्थानिक वैद्यसभेत मांडले. एका बुजुर्गाने टोमणा मारला, की मग मज्जारज्जूच्या रोगावर मज्जारज्जू वाटून टोचावा! मरे गप्प बसला. थांबला मात्र नाही. त्याने ताजी मेंढीची ग्रंथी आणली, बारीक चिरली, ग्लिसरीन व कार्बोलिक घातलेल्या पाण्यात भिजत ठेवली आणि बारीक हातरुमालातून पिळून घेतली. मला त्या हातरुमालाचे मोठे कौतुक वाटते. खरवसाचा चीक गाळावा तसे काम, आणि त्यातून वैद्यकाचे एक नवे दालन उघडले.

ज्या बाईला तो रस टोचला तिचे वय 46. वैद्यकाच्या पुस्तकात ती श्रीमती एस. एवढ्याच नावाने उरली आहे. चार-पाच वर्षे आजार अंगात मुरलेला. काही आठवड्यांत सूज ओसरू लागली, कातडीचा कोरडेपणा कमी झाला, बाई झपझप चालू-बोलू लागली. पुढच्या वर्षी, 1892 मध्ये, दुसऱ्या दोघा डॉक्टरांनी दाखवले, की टोचण्याचीही गरज नाही, ग्रंथी पोटातून दिली तरी चालते. श्रीमती एस. तेव्हापासून औषध घेत राहिली ती थेट 1919 साली, वयाच्या 74 व्या वर्षी, वारेपर्यंत. मरेने मागाहून हिशेब मांडला: अठ्ठावीस वर्षांत 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्यासाठी खर्ची पडल्या. त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा रोग्यांची आधीची व नंतरची छायाचित्रे शेजारी शेजारी छापत. आधीच्या चित्रात फुगलेला चेहरा आणि टाळू दिसेल असे केस. नंतरच्या चित्रात एक वेगळीच बाई. मी कादंबऱ्या लिहिते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. वैद्यक मला किती कळणार? पण त्या दोन चित्रांमधल्या कोऱ्या जागेत केवढी कादंबरी आहे, तेवढे मला कळते.

त्यानंतरची पावले भराभर पडली. 1895 मध्ये बाउमान या जर्मन रसायनज्ञाला ग्रंथीत आयोडीन सापडले. 1914 च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडॉलने तिच्यातले सत्त्व स्फटिकरूपात वेगळे केले. सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून जेमतेम 33 ग्रॅम. 1927 पर्यंत हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयारही केले. म्हणून आज जी बारीक गोळी मिळते तिच्यातले सत्त्व ना मेंढीचे ना डुकराचे. ते कारखान्यात बनते. हे मुद्दाम सांगते, कारण काही घरांत ही शंका अजून दबक्या आवाजात विचारली जाते.

पण ग्रंथी बिघडते कशाने? एक उत्तर डोंगरात होते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव मिठातून आयोडीन देऊन गलगंड उतरतो हे दाखवले आणि 1962 मध्ये देशाचा गलगंड-नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या डब्यातले मीठ त्याच खोऱ्यातून आले म्हणावे. दुसरे उत्तर जपानात. हाशिमोतो हाकारू या तरुण शस्त्रवैद्याने 1912 साली चार स्त्रियांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत लिंफपेशींची दाटी आहे असा निबंध जर्मन भाषेत लिहिला. कुणी फारसे लक्ष दिले नाही. तो आपल्या गावी जाऊन साधा डॉक्टर झाला आणि 1934 साली विषमज्वराने गेला. 1956 मध्ये लंडनला कळले, की या रोगात शरीर आपल्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर उठते. आज मिठात आयोडीन असूनही बायकांच्या ग्रंथी मंदावतात त्याचे मोठे कारण हेच. हाशिमोतोचे नाव दुखण्याला चिकटले. त्याला ते कळलेही नाही.

आता पुन्हा वेणीकडे. डोक्यावर साधारण एक लाख केस. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोनतीन महिने स्वस्थ राहतो आणि गळतो. ग्रंथी मंदावली म्हणजे एरवीपेक्षा पुष्कळ अधिक केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोनतीन महिन्यांनी एकदमच हाती येतात. म्हणून गुंतवळ ही जुन्या थकबाकीची वसुली असते. बाई दोष देते कालच्या साबणाला आणि कर्ज असते तीन महिन्यांपूर्वीचे. शतकानुशतके खरे कारण सापडले नाही त्यात या उशिराचा वाटा आहे. लांब केसांना याचा फटका जास्त दिसतो. वाढीचा काळ आखूड झाला की केस कमरेपर्यंत पोहोचतच नाही आणि शेपटा खाली निमुळता होत जातो. पण मुळे मेलेली नसतात, ही यातली दिलाशाची बाब.

माझ्या माहितीतल्या कितीतरी शिक्षिकांच्या पर्शीत खडूच्या तुकड्याशेजारी ही गोळी असते. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. केसांसाठी म्हणून बायोटिन घेत असल्यास रक्ततपासणीआधी डॉक्टरांना सांगावे, कारण त्याने आकडे चुकीचे दिसू शकतात. केस लवकर यावेत म्हणून गोळी मनाने वाढवणे तर उलटेच अंगाशी येते. ग्रंथीचा रस जास्त झाला तरी केस गळतात. बायकांच्या अंगात लोह कमी असते, तेही तपासून घ्यावे. तेलाने ग्रंथी सुधारत नाही, पण तेल लावलेला केस कमी तुटतो. तेव्हा आईच्या हाताला नाही म्हणण्याचे कारण नाही. वेणी मात्र सैल घालावी.

आकडे सुधारले तरी गुंतवळ लगेच कमी होत नाही. काही महिने जातात. मग भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर उभे केस दिसू लागतात, जे कोणत्याही पिनेला दाद देत नाहीत आणि वर्गातल्या पोरी त्यांना हसतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. खांद्यापर्यंत यायला अडीच वर्षे, कमरेपर्यंत पाच-सहा. तोवर कुणी आखूड कापून घेते, कुणी गंगावन आणते. आणि चांगले गंगावन असते ते दुसऱ्या कुणा बाईच्या गुंतवळाचेच, वाटीवर विकलेल्या.